कडकनाथ कोंबडी : तिची पारख, निगा व हिशेब

कडकनाथ कोंबडी पाळावी कीं नाहीं, असा प्रश्न हल्लीं शेतकरी वर्गांतून वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक आढळतात. एक, ज्यांनीं ह्या पक्ष्याची कीर्ति ऐकली आहे आणि वर्षभरांत घर भरेल अशी ज्यांस आशा वाटते. आणि दुसरे, ज्यांचे अगर ज्यांच्या शेजाऱ्यांचे हात ह्या धंद्यांत पोळले आहेत व ज्यांस आतां तिचें नांवहि नको झालें आहे. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष त्या कोंबडीवर अन्याय करतात. कडकनाथ ही आपल्या देशांतील एक उत्तम व जुनी जात आहे. पण ती संथ जात आहे. ती सावकाश वाढते, अंडीं बेतानें घालते आणि तिचें सारें मोल तिच्या शुद्धतेंत आहे. ह्या तीन गोष्टी ओळखून जो तिला पाळील त्यास ती दगा देणार नाहीं. त्या विसरून जो कर्ज काढील त्याचें भलें कोणतीहि कोंबडी करूं शकणार नाहीं. सबब प्रथम पक्ष्याची माहिती, नंतर त्याची निगा व शेवटीं हिशेब, अशा क्रमानें हा विषय आम्हीं वाचकांपुढें मांडीत आहों.

मूळ स्थान व नांव :— मध्य प्रदेशाच्या पश्चिम कडेचे झाबुआ, अलीराजपूर व धार हे जिल्हे म्हणजे ह्या जातीचें माहेर. लगतच्या गुजरात व राजस्थानच्या डोंगराळ मुलखांतहि ती आढळते. आमच्या खानदेशांतील वाचकांस तो मुलूख परका नाहीं. अलीराजपूर व नंदुरबार ह्या दोन जिल्ह्यांच्या मध्यें नर्मदाच काय ती आडवी आहे. तेथील भिल्ल व भिलाला लोकांनीं पिढ्यान् पिढ्या ही कोंबडी आपल्या अंगणांत सांभाळली. ते तिला काळामासी, म्हणजे काळ्या मांसाची, असें म्हणतात. देवकार्यांत बळी देण्यास, पाहुण्याच्या आदरातिथ्यास व अडीनडीच्या वेळीं चार पैसे उभे करण्यास ती त्यांच्या उपयोगीं पडत आली आहे. कोणत्याहि पुस्तकी विद्येच्या आधारावांचून त्यांनीं ही जात टिकवून धरली, हें त्यांचें ऋण आपण मान्य केलें पाहिजे.

इ. स. २०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. ह्याचा व्यवहारांतील अर्थ शेतकऱ्यांनीं नीट समजून घ्यावा. महाराष्ट्रांत ही जात पाळण्यास त्या नोंदणीची आडकाठी नाहीं. परंतु आपल्या परसांतील कोंबडीचें मांस ‘झाबुआ कडकनाथ’ ह्या नांवानें विकण्याचा अधिकार आपणांस पोहोंचत नाहीं. तें नांव त्या प्रदेशांतील उत्पादकांचें आहे.

रूप व लक्षणें :— ह्या जातीचे मुख्य प्रकार तीन मानितात. पहिला संपूर्ण काळा, ज्याच्या पिसांवर उन्हांत हिरवट झांक मारते. दुसरा ज्याच्या मानेवरील पिसांच्या कडा रुपेरी असतात. आणि तिसरा ज्याच्या मानेवर सोनेरी छटा असते. तिन्ही प्रकारांत कातडी, चोंच, जीभ, तुरा, हनुवटीखालच्या लोंबत्या पाळ्या, पायांच्या नळ्या व नखें काळीं किंवा काळसर असतात. कोंबड्याच्या तुऱ्यावर कधीं कधीं जांभळट लाली दिसते. तेवढ्यावरून तो अशुद्ध ठरत नाहीं. पक्षी कापल्यावर मांस, हाडांवरील आवरण व पोटांतील अवयव ह्यांवरहि काळिमा दिसतो. एका दिवसाचीं पिलें निळसर काळीं असून त्यांच्या पाठीवर गडद व अनियमित पट्टे असतात.

पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचें वजन पावणेदोन ते दोन किलो व कोंबडीचें सव्वा ते दीड किलो भरतें. अंड्याविषयीं एक भ्रम प्रथमच दूर केला पाहिजे. कडकनाथचें अंडें काळें नसतें. तें फिकट तपकिरी किंवा किंचित् गुलाबी झांक असलेलें असतें. काळें अंडें दाखवून कोणी जादा दर मागूं लागल्यास त्यानें तें रंगविलें आहे, असें खुशाल समजावें.

काळेपणाचें कारण व शुद्धतेची पारख :— बहुतेक पशुपक्ष्यांत रंग निर्माण करणाऱ्या पेशी गर्भावस्थेंत कातडीच्या व पिसांच्या बाजूस जातात. कडकनाथमध्यें त्या शरीराच्या आंतल्या भागांतहि पसरतात व तेथें त्यांची संख्या वाढते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें असें दाखविलें कीं, अशा काळ्या कोंबड्यांच्या विसाव्या गुणसूत्रावरील कांहीं भाग दुप्पट झालेला असतो, आणि रंगपेशींच्या वाढीस चालना देणारा एक घटक त्यामुळें जास्त प्रमाणांत तयार होतो. चीनमधील रेशमी पिसांची सिल्की व इंडोनेशियांतील आयाम चेमानी ह्या काळ्या जातींतहि हाच फरक सांपडतो.

हें शास्त्र शेतकऱ्यास कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर असें कीं, बाजारांतील फसवणुकीचें मूळ येथेंच आहे. काळेपणाचा हा गुण प्रबळ आहे. म्हणजे तो आईबापांपैकीं एकाकडूनच आला तरी संततींत दिसूं शकतो. त्याला दाबून टाकणारा दुसरा एक गुण पांढऱ्या व पिवळ्या पायांच्या जातींत असतो, आणि तो लिंगाशीं जोडलेला आहे. केंब्रिजचे बेटसन व पनेट ह्या पंडितांनीं सिल्की व तपकिरी लेगहॉर्न ह्यांचा संकर करून हा प्रकार १९११ सालींच जगापुढें मांडला होता. त्यांस असें आढळलें कीं, काळ्या जातीचा नर व लेगहॉर्नची मादी घेतली असतां त्यांच्या मुली आंतून गडद काळ्या निपजतात, आणि मुलगे मात्र फिके निघतात. उलट मादी काळ्या जातीची व नर लेगहॉर्नचा असेल तर सर्वच संतति फिकी होते.

आतां हाच न्याय कडकनाथला लावून पहावा. कडकनाथचा एक नर आणून तो पिवळ्या पायांच्या स्वस्त कोंबड्यांवर सोडला, तर त्यांच्या तलंगा दिसण्यांत बहुतेक शुद्ध जातीसारख्याच काळ्या असतील. अशी तलंग शुद्ध म्हणून विकली गेल्यास नुसत्या डोळ्यांनीं तिचें खरें कूळ ओळखणें कठीण. म्हणून काळी ती शुद्ध, हा ठोकताळा सोडून द्यावा व पुढील चार कसोट्या लावाव्या.

(१) विक्रेत्याचा पैदाशीचा कळप स्वतः जाऊन पहावा. ज्याच्याजवळ आईबाप दाखविण्यास नाहींत, त्याच्याकडून पिलें घेऊं नयेत.

(२) एकाच घाण्यांतील सर्व पिलें पहावीं, निवडून पुढें केलेलीं चार पाहूं नयेत. त्यांत फिक्या पायांचीं पिलें असल्यास घाण्यांत भेसळ आहे असें समजावें.

(३) वाढीकडे लक्ष ठेवावें. जो पक्षी तीन महिन्यांतच दीड-दोन किलोंचा झाला, त्यांत मांसल जातीचें रक्त आहे. कडकनाथ इतक्या झपाट्यानें वाढत नाहीं.

(४) काळ्या नरापासून व काळ्या मादीपासून पुढच्या पिढींत पांढऱ्या कातडीचें पिलूं निपजल्यास दोघांच्याहि वंशांत पूर्वीं संकर झालेला आहे. अशी जोडी पैदाशीसाठीं ठेवूं नये.

पिलें शक्य तोंवर सरकारी कुक्कुट केंद्र, कृषि विज्ञान केंद्र किंवा ज्याच्या नोंदी पाहतां येतात असा पैदासकार ह्यांच्याकडूनच घ्यावीं. ह्या कामीं चार पैसे जास्त गेले तरी ते वायां जात नाहींत.

अंडीं व उबवण :— इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें ह्या जातीचे जे आंकडे दिले आहेत ते प्रत्येक इच्छुकानें भिंतीवर लिहून ठेवावे असे आहेत. विसाव्या आठवड्यास वजन सुमारें ९२० ग्रॅम. पहिलें अंडें सुमारें १८० दिवसांनीं. वर्षाकांठीं अंडीं सुमारें १०५. अंड्याचें वजन सुमारें ४९ ग्रॅम. शंभर अंड्यांपैकीं सफल ५५. आणि सफल अंड्यांपैकीं पिलें निघण्याचें प्रमाण शेंकडा ५२.

ह्यांतील शेवटचे दोन आंकडे फारच महत्त्वाचे आहेत. दहा कोंबड्यांनीं वर्षांत १०५० अंडीं घातलीं असें धरल्यास त्यांतील सुमारें ५७७ सफल निघतील व त्यांतून सुमारें ३०० पिलें बाहेर पडतील. चांगली निगा, योग्य नर व ताजीं अंडीं ह्यांच्या योगें हें प्रमाण वाढवितां येतें, हें खरें. परंतु जितकीं अंडीं तितकीं पिलें, असा हिशेब कागदावर मांडणारा मनुष्य एकतर अजाण असतो किंवा आपणांस अजाण समजत असतो.

दहा माद्यांमागें एक नर पुरतो, तरी दुसरा एक हाताशीं ठेवावा. नर लंगडा, सुस्त किंवा फार वजनदार झाला म्हणजे सफल अंडीं तत्काळ घटतात. उबवणीचीं अंडीं दिवसांतून दोनदां गोळा करून थंड जागीं ठेवावीं व आठवड्याच्या आंत उबवणीस लावावीं. तडा गेलेलीं, फार लहान किंवा वेडींवांकडीं अंडीं बाजूस काढावीं.

कडकनाथची कोंबडी खुडूक होण्याच्या बाबतींत आळशी आहे. बहुधा ती अंड्यांवर बसत नाहीं, आणि बसली तरी पुरते दिवस बसेलच असा भरंवसा नसतो. भिल्लांच्या अंगणांत तिचीं अंडीं साध्या गांवठी कोंबडीखालीं उबवितात, व हाच मार्ग लहान शेतकऱ्यास सर्वांत सोईचा आहे. म्हणून कडकनाथ पाळणाऱ्यानें दोन-तीन चांगल्या खुडूक बसणाऱ्या गांवठी कोंबड्या जरूर ठेवाव्या. एकीखालीं दहा-बारा अंडीं पुरेत. मात्र गांवठी कोंबडीचीं स्वतःचीं अंडीं त्यांत मिसळूं नयेत, म्हणून प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें खूण करावी. सातव्या दिवशीं अंधारांत दिव्यासमोर धरून पाहिलें असतां आंत लाल शिरांचें जाळें दिसल्यास अंडें सफल समजावें. स्वच्छ दिसणारीं काढून टाकावीं. एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर येतात.

पिलांची निगा :— जीं पिलें मरतात त्यांतील बरींचशीं पहिल्या तीन आठवड्यांत मरतात, आणि त्यांचें कारण बहुधा गारठा, ओल व गर्दी हेंच असतें. गांवठी कोंबडीखालीं निघालेल्या पिलांची ऊब ती कोंबडीच पाहते. पिलें विकत आणलीं असल्यास पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें गोल कुंपण करून त्यांत विजेचा दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेंटिग्रेड, उष्णता असावी व पुढें दर आठवड्यास ५ अंश फॅरनहाइटप्रमाणें ती कमी करावी. उष्णतामापक यंत्र नसलें तरी पिलेंच तें सांगतात. तीं दिव्याखालीं एकमेकांवर चढून गोळा झालीं तर ऊब कमी आहे. कुंपणाच्या कडेस जाऊन चोंच वासून बसलीं तर ती जास्त आहे. आणि सर्वत्र सारखीं पसरून टिपूं लागलीं तर ऊब बेताची आहे असें समजावें. कोपरे ठेवूं नयेत. रात्रीं गारठ्यांत पिलें कोपऱ्यांत दाटून गुदमरतात.

जमिनीवर भाताच्या तुसाची दोन-तीन इंच जाड गादी अंथरावी व ती रोज हलवून कोरडी ठेवावी. पाण्याचें भांडें उथळ असावें. आणल्याबरोबर प्रथम पाणी द्यावें, खाद्य मागाहून. पहिले आठ आठवडे शेंकडा २० च्या सुमारास प्रथिनें असलेलें पिलांचें खाद्य द्यावें. येथें काटकसर केली असतां पुढें ती दामदुपटीनें भरून द्यावी लागते.

खुराडें व मोकळीक :— कडकनाथ हा हिंडून पोट भरणारा पक्षी आहे. उन्हाळा व थंडी तो चांगलीं सोसतो. तथापि काळ्या पिसांस ऊन लवकर तापवितें, म्हणून आवारांत झाडांची किंवा मांडवाची सावली अवश्य असावी. रात्रीच्या निवाऱ्यास दर मोठ्या पक्ष्यामागें दोन चौरस फूट जागा धरावी. खुराड्याची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन सरळ आंत शिरत नाहीं. जमीन आसपासच्या जमिनीपेक्षां फूटभर उंच करावी, बसावयास आडव्या काठ्या बांधाव्या व जाळी इतकी बारीक असावी कीं मुंगुसास शिरकाव मिळूं नये. दिवसा मोकळें सोडल्यावर घार, बोका व मुंगूस ह्यांपासून पिलांस विशेष जपावें लागतें. तीन महिन्यांचीं होईतों तीं कुंपणांतच बरीं.

आंबा, चिकू, नारळ अशा बागा ज्यांच्याजवळ आहेत त्यांस हा पक्षी विशेष सोईचा पडतो. तो किडे व गवताचें बीं टिपतो आणि त्याच्या शिटेनें खत मिळतें. मात्र बागेंत औषध फवारल्यावर त्या औषधाची मुदत संपेपर्यंत पक्षी आंत सोडूं नयेत.

खाद्य :— मोकळ्या पक्ष्यास संध्याकाळीं दर पक्ष्यामागें ३० ते ४० ग्रॅम दाणा दिला असतां तो ठराविक वेळीं घरीं परततो व रोज मोजतांहि येतो. मका, ज्वारी, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड आणि थोडी सुक्या मासळीची कुटी हें मिश्रण घरगुती कळपास चालतें. अंडीं घालणाऱ्या माद्यांस शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यांत नेहमीं उपलब्ध असावा. बुरसलेला मका व जुनी कुबट पेंड मात्र कोणत्याहि कारणास्तव देऊं नये. बुरशीचें विष यकृतावर परिणाम करतें; पक्षी खंगतो व अंडीं बंद होतात. माणसांनीं न खाण्यासारखें धान्य कोंबडीस चालतें, ही समजूत घातक आहे.

रोग व टोंचणी :— जुन्या जाती काटक असतात म्हणून त्यांस टोंचणी नको, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. काटकपणा म्हणजे उपासमारी, हवा व निकृष्ट खाद्य सोसण्याची ताकद होय. मानमोडीच्या सांथीपुढें तिचा उपाय चालत नाहीं. ह्या रोगास राणीखेत असेंहि म्हणतात, व तो एका रात्रींत अंगण ओस पाडतो. पांचव्या ते सातव्या दिवशीं डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लशीचा एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस. चौथ्या आठवड्यांत लासोटाचा पुन्हां एक थेंब. सहाव्या आठवड्यांत देवीची लस. आणि आठव्या आठवड्यांत राणीखेतची आर-२-बी टोंचणी, असा क्रम सर्वसाधारणपणें पाळतात. मरेकची लस उबवणी केंद्रावरच पहिल्या दिवशीं दिलेली असावी. स्थानिक परिस्थितीप्रमाणें फेरफार पशुवैद्यास विचारून करावा. लस बर्फांतून आणावी व कालविल्यावर दोन तासांच्या आंत संपवावी.

एक अडचण अशी कीं, लशीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते व लहान शेतकऱ्याजवळ पक्षी वीस असतात. त्यावर उपाय एकच : आळींतील सर्वांनीं एक दिवस ठरवून सर्व कोंबड्या एकदम टोंचून घ्याव्या. शेजाऱ्याचा कळप तसाच राहिला तर आपली टोंचणीहि पुरी कामास येत नाहीं.

ओल्या गादीमुळें पिलांस रक्ती हगवण लागते; गादी कोरडी ठेवणें हेंच तिचें पहिलें औषध. मोकळ्या पक्ष्यांस दोन-तीन महिन्यांनीं जंतांचें औषध द्यावें. अंगावरील उवा व गोचीड ह्यांसाठीं राखेचा व कोरड्या मातीचा खड्डा करून ठेवावा. पक्षी त्यांत आपण होऊन लोळतात.

बर्ड फ्लूचा धोकाहि विसरतां येत नाहीं. भारतांतील त्याचा पहिला उद्भव २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें झाला, आणि २०२१ च्या जानेवारींत खुद्द झाबुआ जिल्ह्यांतील एका कडकनाथ केंद्रावर तो पोहोंचला. तेव्हां बाजारांतून परत आणलेला पक्षी कळपांत एकदम सोडूं नये. नवा पक्षी तीन आठवडे निराळा ठेवावा. आणि एकाएकीं बरेच पक्षी मेले तर ते न विकतां, न फेंकतां पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळवावें.

रक्त बदलणें :— लहान कळपांत जात बिघडण्याचें दुसरें कारण म्हणजे नात्यांतील पैदास. एक नर व दहा माद्या एवढ्यावरच कळप चालविल्यास दर पिढीस सगोत्र पैदाशीचें प्रमाण शेंकडा सुमारें १४ नें वाढतें. तेंच पांच नर व पंचवीस माद्या असल्यास तें शेंकडा ३ वर येतें. अशा पैदाशीचे परिणाम म्हणजे सफल अंडीं घटणें, पिलें अशक्त निपजणें व वजन उतरणें. अनेकांची कडकनाथ दोन-तीन वर्षांत ‘बसते’ ती ह्याच कारणानें.

एकट्यानें एवढे नर पोसणें परवडत नाहीं. परंतु तिघांनीं मिळून हें सहज साधतें. तीन शेतकऱ्यांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून शुद्ध पक्षी आणावे. दरसाल पहिल्याच्या कळपांतील तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे व तिसऱ्याचे पहिल्याकडे जावे. माद्या मात्र जेथल्या तेथें रहाव्या. पायांत निरनिराळ्या रंगांचीं कडीं घालून एका वहींत नोंद ठेवली म्हणजे झालें. पैसा न लागतां जात टिकविण्याची ही रीत सहकारी संस्थेच्या सभासदांस अगदीं शोभण्यासारखी आहे.

हिशेब व बाजार :— मांसासाठीं वाढविलेला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरांत जातो. कडकनाथ सव्वा किलो होण्यास पांच महिने किंवा त्याहूनहि अधिक काळ घेते, आणि बंदिस्त ठेवून सर्व खाद्य विकतचें दिल्यास एक किलो वजनामागें ब्रॉयलरच्या दुपटीहून अधिक खाद्य खाते. म्हणून तिला पिंजऱ्यांत कोंडून पोत्यांतल्या खाद्यावर वाढविणाऱ्यास दर किलोस फार मोठा भाव मिळाला तरच निभाव लागतो. तिचा खरा फायदा मोकळ्या जागेंत, घरच्या दाण्यावर व घरच्या माणसांच्या देखरेखीखालीं आहे. आपल्या गांवचे दाण्याचे व पक्ष्याचे भाव घालून प्रत्येकानें हा हिशेब स्वतः मांडावा. दुसऱ्यानें मांडून दिलेल्या हिशेबावर सही करूं नये.

ह्या सूचनेस कारण आहे. २०१९ सालीं सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर येथील एका कंपनीविरुद्ध अनेक शेतकऱ्यांनीं तक्रारी केल्या व पोलिसांत गुन्हे दाखल झाले. पिलें द्यावयाचीं, अंडीं व पक्षी चढ्या भावानें परत घ्यावयाचे, असें अभिवचन देऊन शेतकऱ्यांकडून पैसे घेण्यांत आले. पुढें खरेदी थांबली आणि खाद्य मागणारे पक्षी मात्र शेतकऱ्यांच्या गळ्यांत राहिले. २०१२ सालीं तमिळनाडूंतील पेरुंदुराई येथें एमू पक्ष्याच्या बाबतींत असाच प्रकार घडला होता. पक्षी बदलला, मांडणी तीच राहिली.

ह्या मांडणीचें मर्म एका प्रश्नानें उघडें पडतें : अखेरचें गिऱ्हाईक कोण? आपलें पिलूं दुसरा शेतकरी घेतो तें पिलें विकण्यासाठीं, त्याचें तिसरा घेतो तेंहि पिलें विकण्यासाठींच, अशी सांखळी असेल तर तींत कोंबडी खाणारा माणूस कोठेंच नाहीं. आणि ज्या दिवशीं नवा शेतकरी मिळत नाहीं त्या दिवशीं ती सांखळी तुटते. उलट तालुक्याच्या गांवीं दहा घरें व दोन खाणावळी आठवड्यास अमुक पक्षी रोख घेतात, एवढें जरी निश्चित असेल तरी तो बाजार खरा. आधीं असें गिऱ्हाईक शोधावें, मग खुराडें बांधावें.

ह्याच ओघांत औषधी गुणांविषयीं दोन शब्द. कडकनाथच्या मांसांत चरबी कमी व प्रथिनें चांगलीं असतात आणि जाणते लोक त्याची रुचि वाखाणतात. एवढें सांगून विकणें प्रामाणिकपणाचें आहे. परंतु त्यानें मधुमेह, हृदयरोग किंवा क्षय बरा होतो असें सांगून विकणें हें रोग्याचें नुकसान आहे, आणि अखेरीस मालाच्या अब्रूचेंहि. चवीसाठीं येणारें गिऱ्हाईक पुन्हां येतें. चमत्कारासाठीं आलेलें एकदांच येतें.

आरंभ कसा करावा :— ज्यांस ही कोंबडी पाळावयाची आहे त्यांनीं पहिल्या वर्षीं दहा माद्या व दोन नर ह्यांपलीकडे जाऊं नये व त्यासाठीं कर्ज काढूं नये. पावसाळा संपल्यावर, म्हणजे आश्विन-कार्तिकांत, पिलें आणावीं. थंडींत तीं वाढतात व पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडीं तलंगा अंड्यांवर येतात. वर्षभर अंडीं, पिलें, मरतूक, खाद्य व विक्री ह्यांची रोजची नोंद ठेवावी. वर्षअखेर ती वही पाहून फायदा दिसला तर दुसऱ्या वर्षीं कळप दुप्पट करावा. न दिसला तर नुकसान फार तर बारा पक्ष्यांचें होईल, आणि तेहि घरांत खाण्याच्या कामीं येतील.

झाबुआच्या डोंगरांतील भिल्लाच्या अंगणांत ही कोंबडी टिकली, कारण त्यानें तिच्याकडून तिच्या शक्तीपलीकडे कधीं मागितलें नाहीं. आपण तिला आपल्या शेतावर आणीत आहों तर चांगली जागा, वेळेवर टोंचणी, नोंदीची वही व शुद्ध नर एवढें तिला द्यावें, आणि घाई तेवढी बाहेर ठेवावी. ह्या कामीं तिघांचे गट करून नरांची अदलाबदल करण्यास जे सभासद तयार असतील त्यांनीं आपसांत बोलून येत्या हंगामापूर्वीं तें ठरवावें, अशी आमची सूचना आहे.